राखेच्या विटेत दडलेत मौल्यवान धातू? औष्णिक केंद्रांच्या राखेतून नेमकं काय निघू शकतं

कारंजा लाडमध्ये कुणी घर बांधायला काढलं, की लाल विटा घ्यायच्या की राखेच्या, हा प्रश्न येतोच. राखेच्या विटांमधली ही राख येते औष्णिक वीज केंद्रांमधून. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. मोबाइल, इलेक्ट्रिक गाड्या आणि पवनचक्क्यांना लागणारे काही धातू याच राखेत असतात.

राखेत धातू आले कुठून?

कोळसा म्हणजे लाखो वर्षं गाडल्या गेलेल्या वनस्पती. त्यांच्यासोबत मातीही दबली. कोळसा जळतो तेव्हा कार्बन उडून जातो, पण मातीतले धातू मागे राहतात. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के आहे. या राखेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं. सोबत लोह, टायटॅनियम आणि अगदी थोडं गॅलियम, निओडिमियम, डिस्प्रोसियम.

किती निघेल?

जगभरातली सरासरी पाहिली, तर एक टन राखेत दुर्मीळ मृदा धातू सुमारे ४०० ग्रॅम असतात. म्हणजे १०० टन राखेत ४० किलो. त्यातही मोठा वाटा सीरियम, लँथेनम अशा स्वस्त धातूंचा. चुंबकांसाठी लागणारं निओडिमियम त्याहून कमी.

ते काढतात कसं?

आधी चुंबकाने लोह वेगळं करतात. धातू राखेच्या काचेसारख्या कणांमध्ये अडकलेले असतात. ते मोकळे करण्यासाठी राख कॉस्टिक सोड्यासोबत तापवतात, मग आम्लात विरघळवतात. शेवटी द्रावणातून एकेक धातू वेगळा करतात.

मग अडचण काय?

आम्ल, ऊर्जा आणि पाणी भरपूर लागतं. राखेत आर्सेनिक, शिसंही असतं. ते सांडपाण्यात उतरू शकतं. शिवाय फक्त दुर्मीळ धातू काढले, तर टनामागे ९९९ किलोंहून जास्त माल उरतोच. तो ठेवायचा कुठे? जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात नागपूरजवळ खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या गावांत, शेतांत शिरलं.

तरीही आत्ताच चर्चा का?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्याआधी जानेवारीत भारत सरकारने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली होती. खाणींच्या टाकाऊ मालासोबत राखेतूनही खनिजं मिळवणं हा त्याचा भाग आहे.

अ‍ॅल्युमिना आणि लोहही सोबतच काढलं आणि उरलेला माल विटा-सिमेंटला वापरता आला, तर हे गणित जुळण्याची शक्यता वाढते. त्यामुळे 'राखेच्या ढिगाऱ्यात खजिना' असं सांगणारा रील दिसला, तर दोन प्रश्न नक्की विचारा. टनामागे किती ग्रॅम? आणि आम्लाचं पाणी जाणार कुठे?