मुलगा आखातात, मग आयकराचे काय?

शेतीवर सगळ्यांचे भागत नाही, म्हणून रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा दुबई, कतार किंवा कुवेतला नोकरीला असतो. तिकडे पगारावर आयकर नाही. त्यामुळे घरची मंडळी धरून चालतात की, आयकराचा आणि आपला संबंध संपला. हे अर्धेच खरे आहे.

दिवस मोजा

आयकराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. परदेशी नोकरी करणारा माणूस त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो सहसा ‘अनिवासी’ ठरतो. मग तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही. (इथले उत्पन्न १५ लाखांवर असेल, तर नियम वेगळे आहेत.) पासपोर्टवरील शिक्क्यांची झेरॉक्स घरी जपून ठेवावी, दिवसांचा पुरावा तोच.

मुलाने आईवडिलांना घरखर्चाला पाठवलेल्या पैशांवर कर नाही. शेतीचे उत्पन्नही करमुक्त आहे. मात्र मुलाच्या नावावरच्या ठेवींचे व्याज आणि घरभाडे हे इथले उत्पन्न. ते करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त झाले की विवरणपत्र भरावेच लागते. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी ही मर्यादा ४ लाख रुपये आहे. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ असे आपण ऐकतो, पण ती सूट अनिवासी माणसाला मिळत नाही.

कापलेला कर परत मिळतो

परदेशी नोकरीला गेल्यावर साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते ‘एन.आर.ओ.’ करून घ्यावे. या खात्यातील ठेवीच्या व्याजावर बँक ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर कापते. समजा, वर्षाचे व्याज १ लाख झाले, तर ३१,२०० रुपये कापले जातील. मुलाचे इथे दुसरे उत्पन्न नसेल, तर त्याला प्रत्यक्षात काहीच कर लागत नाही. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ही रक्कम परत मिळत नाही. अनिवासी माणसाने ‘सहज’ हा फॉर्म भरू नये. त्याच्यासाठी सहसा फॉर्म क्रमांक २ असतो. ‘एन.आर.ई.’ खात्यावरील व्याज मात्र करमुक्त आहे.

जमिनीचा व्यवहार

वडिलोपार्जित शेती अनिवासी मुलाच्या नावावर राहू शकते, पण त्याला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पाठवलेल्या पैशांतून त्याच्या नावे शेत घेण्याचा बेत म्हणूनच करू नये. त्याचे शहरातले घर विकायचे असेल, तर खरेदीदाराला कर कापूनच पैसे द्यावे लागतात. कमी कापणीचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून आधी घेता येतो.

विवरणपत्राची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. फॉर्म परदेशातूनही संगणकावर भरता येतो. पॅन कार्ड, बँकेचे व्याजाचे दाखले आणि पासपोर्टची झेरॉक्स एका पिशवीत घालून जूनमध्येच जाणत्या कर सल्लागाराला दाखवावी.