सॉफ्टवेअर पेटंट आणि इंटरफेस रचनेतील मुक्त नवनिर्मिती

प्रताधिकार संगणक आज्ञावलीच्या लेखनाला संरक्षण देतो, तर पेटंट तिच्यामागील कार्यपद्धतीला. त्यामुळे स्वतंत्रपणे नवी आज्ञावली लिहूनही दुसऱ्यास तीच सोय देता येत नाही. अमेरिकेत सप्टेंबर १९९९ मध्ये ॲमेझॉनला 'वन-क्लिक' खरेदीचे पेटंट मिळाले. त्याच डिसेंबरमध्ये न्यायालयाने बार्न्स अँड नोबल या ग्रंथविक्रेत्यास अंतरिम मनाई केली. परिणामी त्यास खरेदीत एक जादा टप्पा घालावा लागला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने मनाई उठवली, तरी पेटंट २०१७ पर्यंत टिकले. यावरून असे दिसते की, पेटंटामुळे सुलभ रचना मुद्दाम गैरसोयीची करावी लागते. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३ (के) निव्वळ संगणक आज्ञावलीस पेटंट नाकारते. मुक्त नवनिर्मितीसाठी ही मर्यादा जपणे अगत्याचे ठरते.