एका अक्षराचे दोन मालक

दिवाळी अंकासाठी जुन्या संगणकांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून पुण्यातल्या एका करसल्लागारांच्या कार्यालयात गेलो. तिथे विंडोज एक्सपी अजून चालतं. पेनड्राइव्ह लावला की टुणकन आवाज येतो, पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये तो दिसत नाही. एफ ड्राइव्हवर क्लिक केलं की सर्व्हरवरच्या फायली उघडतात.

"मेला नाही साहेब, झाकला गेलाय," देखभालीला येणारे गृहस्थ म्हणाले. त्यांनी डिस्क मॅनेजमेंट उघडलं. पेनड्राइव्ह तिथे धडधाकट, आणि अक्षर एफ! सर्व्हरच्या फोल्डरलाही एफच. नेटवर्कचं अक्षर लॉगिन केलेल्या माणसाच्या खात्यात असतं, पेनड्राइव्हचं अख्ख्या यंत्राच्या नोंदीत. पेनड्राइव्हला अक्षर देताना एक्सपी माणसाच्या खात्याची वही उघडतच नाही. गृहस्थांनी पेनड्राइव्हला पी दिलं. नेटवर्कची अक्षरं झेडपासून उलटी द्यावीत, हा त्यांचा नेम.

एफच का, याचं मूळ डॉसमध्ये आहे. ए-बी फ्लॉपीला, सी हार्ड डिस्कला. डॉस मुळात ईपर्यंतच अक्षरं राखायचं, म्हणून नॉव्हेल नेटवेअरचं नेटवर्क एफपासून सुरू व्हायचं. पुष्कळ कार्यालयांत ती सवय तशीच राहिली.

मला भुरळ पडली ती मात्र सीडीच्या सोंगाची. डॉसला सीडीवरची फायलींची मांडणी वाचता येत नव्हती. मग एमएससीडीईएक्स हा प्रोग्राम सीडीला नेटवर्क ड्राइव्ह म्हणून पुढे करायचा. टेबलावरच्या सीडीवर चेकडिस्क चालवलं, तर नेटवर्क ड्राइव्ह तपासता येत नाही, असं उत्तर यायचं. चुकीची ओळख इथे मुद्दाम करून दिलेली, आणि त्यावर सगळ्यांचं काम वर्षानुवर्षं निभावलं!

एक्सपीची आजची अडचण मात्र अक्षर बदलून सुटणारी नाही. नेटवर्कवर फायली मागायला एक्सपीला एसएमबी या संवादपद्धतीची पहिली आवृत्तीच येते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला तो तिच्यातल्याच भगदाडातून. त्याच वर्षीच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती आपोआप बसवणं मायक्रोसॉफ्टनं थांबवलं. नवा सर्व्हर आणला की एक्सपीवर त्या ड्राइव्हला लाल फुली येते, आणि कुणीतरी जुनी आवृत्ती सुरू करून द्यायचा सल्ला देतो. मला तो सल्ला धोक्याचा वाटतो. एक्सपीचा आधारच 8 एप्रिल 2014 ला संपला आहे. असा संगणक तुमच्याकडे असेल तर आधी त्यातली माहिती बाहेर काढा. पेनड्राइव्हनं काढलीत तरी चालेल, फक्त अक्षर तपासून घ्या.