कांगा : नेसलेले वाक्य

टांझानिया आणि केनियाच्या किनाऱ्यावर, विशेषतः झांझिबार आणि मोंबासा येथे, बाया जे रंगीत सुती कापड कमरेला गुंडाळतात आणि डोक्यावरून घेतात, ते कांगा. सुमारे दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडे अधिक रुंद असे हे कापड जोडीने विकले जाते. चारी बाजूंच्या काठाला ‘पिंडो’ म्हणतात, मधल्या नक्षीला ‘म्जी’, म्हणजे गाव, आणि खालच्या काठाजवळ छापलेल्या एका ओळीला ‘जीना’, म्हणजे नाव. त्याच कापडात बाळ पाठीशी बांधले जाते, तेच लग्नात भेट म्हणून दिले जाते आणि दुःखाच्या घरीही तेच पांघरले जाते. त्यावर ओळ छापलेली असल्यामुळे कांगा केवळ वस्त्र राहत नाही. तोंडाने जे बोलता येत नाही, ते चारचौघांत मांडण्याचे ते बायकांचे साधन आहे.

या ओळी बहुधा स्वाहिली म्हणी असतात. ‘हराका हराका हाइना बराका’, म्हणजे घाईगडबडीच्या कामाला बरकत नाही. ‘हासिदी हाना सबाबू’, म्हणजे मत्सर करणाऱ्याला सबब लागत नाही. बरकत आणि सबब हे शब्द मराठीत आणि स्वाहिलीत एकाच अरबी मुळातून आले आहेत. मत्सराची ही ओळ नेसून एखादी बाई शेजारणीच्या दारावरून गेली, तर भांडण न करता बोलणे पोहोचते. शेजारणीने जाब विचारलाच, तर ‘कापड आवडले म्हणून घेतले’ हे उत्तर तयार असते. आईचे आभार मानणारी ओळ मात्र थेट आईच्या हाती दिली जाते.

यावर कोणी म्हणेल की ओळ व्यापारी ठरवतो आणि कारखाना छापतो, मग तो बाईचा आवाज कसा? शिवाय हे कापड दीर्घकाळ युरोप, जपान आणि भारतातून येत असे. मोंबासात 1887 मध्ये व्यवसाय सुरू करणाऱ्या कादरदिना हाजी इसाक या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याचे नाव कांगाच्या इतिहासात आजही घेतले जाते. हे सारे खरे असले, तरी म्हणसुद्धा बोलणाऱ्याने रचलेली नसते. ती कधी आणि कोणापुढे वापरायची, यातच बोलणाऱ्याचे मन दिसते. कोणती नक्षी खपेल आणि कोणती पडून राहील, हेही किनाऱ्यावरच्या बायकांच्या आवडीवरच ठरत आले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाईला कापडाआडून बोलावे लागते, हीच तिच्या मुस्कटदाबीची खूण नाही का? काही अंशी आहे. पण गुलामगिरीच्या काळात गुलाम स्त्रियांच्या वाट्याला साधे कोरे किंवा निळसर काळे जाडेभरडे कापड येई. झांझिबारमध्ये 1897 साली गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली आणि मुक्त झालेल्या स्त्रियांनी रंगीबेरंगी कांगा नेसून आपण आता कोणाच्या मालकीच्या नाही, हे दाखवले. मर्यादा होत्या, पण त्या मर्यादांतही बोलण्याची वाट या स्त्रियांनी स्वतः शोधली. म्हणून झांझिबारच्या बाजारात कांगा घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी त्यावरच्या ओळीचा अर्थ विचारावा. तो न विचारता नेसलेला कांगा म्हणजे न वाचता दिलेले पत्र.