मशीनचं डायलिसिस की पोटाचं?

आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी साधारण ४ तास. मशीनवरच्या डायलिसिसचं हे वेळापत्रक शहरातल्या माणसालाही जड जातं. डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवरून निघणाऱ्याला त्यात वाटेचे तासही धरावे लागतात. पाड्यावरून रिक्षा, डहाणू रोडहून गाडी, आणि परत येताना तोच रस्ता गळून गेलेल्या अंगानं. वर्षाला अशा दीडशेवर फेऱ्या. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

रुग्णाला काय बरं वाटतं, हे त्यालाच विचारणारा अमेरिकेतला एक अभ्यास २००४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुकतंच डायलिसिस सुरू झालेल्या ६५६ जणांनी प्रश्नावली भरून दिली. पोटाचं डायलिसिस घेणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांनी सेवेला ‘उत्कृष्ट’ म्हटलं, मशीनवर जाणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांनी. पर्याय कोणते, हे आधी कुणी नीट सांगितलं का, याच्या उत्तरांतही मोठी तफावत होती. आपल्याकडे तर अनेकांपुढे दुसरा पर्याय मांडलाच जात नाही.

पोटाच्या डायलिसिसला मशीन लागतंच असं नाही. हातानं करायच्या पद्धतीत पोटात बसवलेली मऊ नळी आणि खुंटीला टांगलेली २ लिटरची पिशवी पुरते. द्रव आपल्या भारानं पोटात उतरतो, ४ ते ६ तास राहतो, आतल्या पडद्यातून रक्तातली घाण ओढून घेतो आणि मग खालच्या पिशवीत निथळतो. अर्ध्या तासाचं काम, बहुधा दिवसातून ४ वेळा. मधल्या वेळात चिकूच्या वाडीत चक्कर मारता येते.

पण सुट्टी एकाही दिवसाची नाही. महिन्याच्या १२० पिशव्या ठेवायला कोरडी जागा हवी. हात धुऊन, मास्क लावून, पंखा बंद करून, नळीचं टोक कशालाही न टेकवता जोडावं लागतं. चुकलं तर पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो. निथळलेलं पाणी गढूळ दिसलं की लगेच दवाखाना गाठायचा. नर्सच्या नजरेखाली मशीनवर पडून राहणंच ज्याला निर्धास्त वाटतं, त्याचंही बरोबर आहे.

गरिबांना मोफत डायलिसिस देणारी केंद्राची योजना २०१६ साली जाहीर झाली. पोटाच्या डायलिसिससाठी तिच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. सेवाच माणसाच्या दारी न्यायची, हा विचार कोसबाडला परका नाही. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी इथे शाळाच गुराख्या पोरांमागे कुरणात नेली होती. पिशवी बदलायचं शिक्षणही वारली बोलीत, रुग्णाच्या घरी, त्याच्याच खुंटीला पिशवी टांगून द्यायला हवं.