सशाभोवतीची चिलटे

घरात ससा पाळला असेल, तर पावसाळ्यात एक त्रास तुमच्या नजरेस आला असेल. पिंजऱ्याभोवती बारीक माश्या घिरट्या घालू लागतात. दहा माराव्यात, तर दुसऱ्या दिवशी वीस हजर! मग घरातील मोठी माणसे म्हणतात, "ससा घाण करतो, देऊन टाका कोणाला तरी." पण सशाला शिक्षा देण्यापूर्वी गुन्हेगार कोण, हे शोधायला नको का?

माशी येते कोठून?

घाणीतून माश्या आपोआप जन्मतात, असे एके काळी मोठमोठे विद्वानही मानत. १६६८ मध्ये फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्याने हे मत तपासले. त्याने मांसाचे तुकडे काही भांड्यांत उघडे ठेवले व काही भांड्यांच्या तोंडांवर तलम कापड बांधले. उघड्या मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्या मांसात झाल्या नाहीत. म्हणजे माशी ही माशीपासूनच होते. माश्या वाढण्यासाठी दोन गोष्टी लागतात : अंडी घालणारी माशी आणि अळ्यांना खायला ओलसर, कुजणारा पदार्थ. पहिलीला अडवणे कठीण. दुसरी मात्र आपल्या हातात आहे.

ओळख पटवा

भिंग घेऊन माशी नीट पहा. तपकिरी-पिवळसर, लाल डोळ्यांची, सुमारे ३ मिलिमीटर लांबीची असेल, तर ते फळांवरचे चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला. याच माश्यांवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गन यांनी प्रयोग केले. १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली आणि आनुवंशिकतेच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. १९३३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे चिलट सशाने अर्धवट टाकलेल्या फळांवर व भाजीच्या देठांवर वाढते.

काळसर, लांब पायांची, डासासारखी दिसणारी माशी असेल, तर ती बहुधा कुंडीतल्या सतत ओल्या मातीतून येते. मातीवर कच्च्या बटाट्याची चकती दोन-तीन दिवस ठेवा. चकतीच्या खाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या दिसल्या, तर शोध लागला! केसाळ, पतंगासारखी माशी असेल, तर मोरीकडे पहा. नळीतल्या बुळबुळीत थरात तिच्या अळ्या राहतात. रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, सैलशी लावली तर सकाळी तिला माश्या चिकटलेल्या आढळतील.

या तिघींपैकी सशाच्या पिंजऱ्याशी थेट संबंध फक्त पहिलीचा, हे ध्यानात आले ना?

दिवसांचा हिशेब

सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला ड्रॉसोफिलाच्या अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास साधारण दहा दिवस लागतात. समजा, एका मादीने १०० अंडी घातली, सगळी जगली आणि त्यांत निम्म्या माद्या निघाल्या. दहा दिवसांनी १०० माश्या. पुढच्या पिढीत ५० माद्यांची प्रत्येकी १०० अंडी, म्हणजे ५,०००! प्रत्यक्षात सगळी अंडी जगत नाहीत. पण उडणाऱ्या माश्या मारून भागत नाही ते का, हे यावरून कळेल.

म्हणून दहा दिवस पुरे होण्याआधीच अळ्यांचे अन्न काढून घ्यायचे. उरलेला पाला रोज उचला. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तेथे पसरट ताट ठेवून त्यात कागद घाला व तो रोज बदला. ताटावर पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यावर व्हिनेगर ओता : फसफसून कर्बवायू निघेल व थर सुटेल. मग ताट धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. कोषात गेलेल्या माश्या त्यानंतरही काही दिवस बाहेर पडतील. दोन-तीन आठवडे नेटाने काम चालू ठेवा.

करून पहा : दोन पेले

दोन पेल्यांत सारखेच व्हिनेगर घ्या. एकात साबणाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. दोन्ही पेले पिंजऱ्यापासून दूर, सशाच्या तोंडी लागणार नाहीत असे ठेवा. दुसऱ्या दिवशी बुडालेली चिलटे मोजा.

साबणाच्या पेल्यात ती जास्त का सापडतात? चिलटाचे वजन सुमारे १ मिलिग्रॅम, म्हणजे एक लाखांश न्यूटन बल. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७ न्यूटन. भागाकार केला, तर चिलटाला तोलून धरायला पृष्ठभागाची अवघी ०.१४ मिलिमीटर लांबीची कडा पुरते! साबणाने पृष्ठताण निम्म्याहून कमी झाला, तरी लांबी ०.३ मिलिमीटरच्या आसपासच लागेल. सहा पायांच्या प्राण्याला ती सहज मिळावी. मग चिलट बुडते का? खरी गोम ओले होण्यात आहे. चिलटाच्या अंगावर मेणासारखा थर व बारीक केस असतात. त्यांना पाणी चिकटत नाही. साबणाचे पाणी मात्र त्यांवर पसरते, केसांतली हवा हुसकते आणि पृष्ठभाग चिलटाला वर ढकलू शकत नाही.

खरा धोका

चिलटे सशाला चावत नाहीत. पण ज्या ओलीवर ती येतात, तिच्याच वासाने हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या मोठ्या माश्याही येतात आणि सशाच्या मळलेल्या, ओल्या केसांत अंडी घालतात. अंडी एका दिवसाच्या आतही फुटतात व अळ्या कातडी पोखरतात. असा ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. लठ्ठ, आजारी किंवा हगवण लागलेल्या सशाला हा धोका अधिक. म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यात रोज दोनदा सशाची शेपटीखालची बाजू पहा. अळ्या दिसल्या, तर घरगुती उपाय न करता तत्काळ पशुवैद्याकडे न्या.

पिंजऱ्याजवळ कीटकनाशक फवारू नका. ससा आपले अंग चाटून साफ करतो. अंगावर पडलेले विष पोटात जाते. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे औषधही सशाला घातक आहे.

आता वहीत तीन रकाने आखा : तारीख, पिंजऱ्यात केलेली सफाई, पेल्यात मिळालेली चिलटे. तीन आठवड्यांच्या नोंदींचा आलेख काढा आणि तो घरातील मोठ्या माणसांपुढे ठेवा. ससा ठेवायचा की नाही, हे मग आकड्यांवरून ठरू द्या.