शिरगणतीतली झान

गटाच्या बैठकीत कागदपत्रांचा विषय निघाला की दरवेळी तोच गोंधळ. आधार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि सातबाऱ्यावर मुळात नावच नाही. म्हणून आज एका बाईची गोष्ट सांगते. ती आपल्याकडची नाही. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून बोटीनं कॅनडाच्या किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबातली. तिचं नाव झान त्राहाँ. तिनं स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्या हाती नाही, तरी सरकारी आणि चर्चच्या कागदांवरून तिच्याबद्दल बरंच कळतं. ते कसं, तेच आज बघू.

आज कॅनडात नोव्हा स्कोशिया म्हणतात, त्या भागाला फ्रेंच लोक अकादिया म्हणत. मिकमॉक लोकांचा तो मूळ मुलूख. पोर्ट रॉयल हे तिथलं फ्रेंचांचं मुख्य ठाणं. 1636 च्या 1 एप्रिलला फ्रान्सच्या ला रोशेल बंदरातून ‘सँ-झाँ’ नावाचं जहाज तिकडे निघालं. त्यातल्या प्रवाशांची यादी टिकून आहे. त्यात गियोम त्राहाँ हा लोहार आहे. त्याच्यापुढे लिहिलंय : बायको, दोन मुलं आणि एक नोकर. बस्स. लोहाराचं नाव, धंदा, गाव सगळं आलं. बायकोचं नाव लिहायची गरज कुणाला वाटली नाही. ते सापडतं दुसऱ्याच कागदात. फ्रान्समधल्या शिनों गावच्या चर्चच्या नोंदवहीत 1627 साली त्यांचं लग्न लागल्याची नोंद आहे. तिथे तिचं नाव आहे फ्रांस्वाज कोर्बिनो. आपली झान ही याच जोडप्याची मुलगी, त्या दोन बिननावाच्या मुलांपैकी एक.

यानंतर झान थेट 35 वर्षांनी भेटते, 1671 च्या शिरगणतीत. ही गणती लोराँ मोलँ नावाच्या पाद्र्यानं घरोघर फिरून केली. सगळ्या अकादियात तेव्हा फ्रेंच माणसं साधारण चारशे. (मिकमॉक लोकांना त्यात मोजलेलंच नाही.) गणतीत नोंद अशी : झाकोब बूर्झ्वा, शस्त्रवैद्य, वय 50, बायको झान त्राहाँ, वय 40, दहा मुलं, गुरं 33, मेंढ्या 24, शेती सुमारे 20 आर्पां, म्हणजे आपले सतरा एकर.

बघा, लग्न होऊन पाव शतक उलटलं तरी ती त्राहाँच आहे. फ्रेंच कागदात बाई मरेपर्यंत माहेरच्या नावानं लिहिली जाई. म्हणूनच आज तिचे वंशज तिच्या आईबापांपर्यंत पोचू शकतात. आपल्या पणजीचं माहेरचं आडनाव आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल? आपल्याकडे 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं राज्य सरकारनं सक्तीचं केलं, ती चांगली गोष्ट झाली. पण तिथेही आईचं पहिलं नावच येतं, माहेर येत नाही.

आता वयाचं बघा. झान 40 वर्षांची आणि थोरली मुलगी 27 ची. म्हणजे तेराव्या वर्षी बाळंतपण? झालंही असेल. पण 50 आणि 40 असे गोल आकडे दिसले की मला शंका येते. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला का येतो, ते तुम्हाला माहीत आहेच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहून टाकलेली तारीख! कागदावरचं वय हा अंदाज असतो. तो दुसऱ्या नोंदींशी ताडून घ्यायचा. अभ्यासक झानचा जन्म 1629 च्या आसपासचा धरतात.

दुसरी अडचण नावांची. झानच्या मुलींत दोन मारी आहेत आणि दोन झान. एक झान 27 वर्षांची, दुसरी 4 वर्षांची. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातेचं नाव मुलीला द्यायची पद्धत होती, त्यामुळे तीच तीच नावं घरात फिरत. नुसत्या नावावर विसंबलं तर एका मारीचा नवरा दुसरीच्या गळ्यात पडायचा.

तिसरी अडचण नात्याची, आणि ही मला सगळ्यात आवडते. 1654 साली इंग्रजांनी पोर्ट रॉयल घेतलं. शरणागतीच्या करारात झाकोबला ओलीस ठेवल्याचं लिहिलंय. तिथला किल्लेदार जेर्मँ दूसे याचा तो ‘बो-फ्रेर’, असंही आहे. फ्रेंचमध्ये मेहुणा, साडू, बहिणीचा नवरा, सगळ्यांना हा एकच शब्द. मग दूसेच्या घरात झाकोबची बहीण दिली होती, की झानची? यावर अजून वाद चालू आहे. हा करार मराठीत झाला असता तर एका शब्दात निकाल लागला असता!

मोलँ पाद्र्याला सगळ्यांनी सुखासुखी माहिती दिली असं समजू नका. पिएर लानू या पिंपं बनवणाऱ्यानं निरोप धाडला की माझी तब्येत ठणठणीत आहे, वय सांगणार नाही. एतिएन रोबिशो पाद्र्याला पाहून घरातून निघून गेला, आणि गुराढोरांचा हिशेब द्यायचा नाही एवढं बायकोकडून कळवलं. मेलांसों शिंप्याच्या बायकोनं तर पाद्र्यालाच सुनावलं की असल्या गोष्टींसाठी रस्तोरस्ती हिंडायला तुम्हाला वेड लागलंय का. पाद्र्यानं ते सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं, हे आपलं नशीब. सर्वेक्षणाला जाणाऱ्या आपल्या आशाताईंना हे नवं वाटणार नाही. लोक लपवत, कारण मोजणी झाली की मागून कर येतो ही भीती.

सतरा एकर आली कुठून, तेही सांगते. हे लोक जंगल फारसं तोडत नसत. भरतीचं पाणी चढणाऱ्या दलदलीत बांध घालत आणि बांधाखाली लाकडी झडपेची मोरी बसवत. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाई, भरती आली की झडप आपोआप बंद. दोन-तीन वर्षांच्या पावसानं मीठ धुऊन जाई आणि जमीन पिकाला लागे. रायगडकडच्या खारजमिनीची उघाडी किंवा गोव्याच्या खाजणातलं मानस ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच समजेल. असा बांध एकट्या घराचं काम नाही, दहा घरांनी मिळूनच तो घालायचा. 1672 च्या सुमारास झाकोबनं बोबासँ या नव्या दलदलीच्या भागात वस्ती उभी केली, आणि मुलं, जावई तिकडे गेले.

मग 1713 च्या तहानं हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. 1755 पासून इंग्रजांनी या लोकांना हजारोंनी जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. घरं जाळली, गुरं गेली, बांधाची जमीन दुसऱ्यांची झाली. ग्राँ-प्रे गावच्या लोकांनी मात्र जाताना चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या सोबत नेल्या. मेरीलँडमार्गे त्या अमेरिकेतल्या लुईझियानात पोचल्या आणि आजही तिथे जपलेल्या आहेत.

ज्यांच्याकडे वह्या नव्हत्या त्यांचं काय? काही कुटुंबं फ्रान्सजवळच्या बेल-ईल बेटावर जाऊन राहिली, त्यांत त्राहाँ आडनावाचीही होती. 1767 साली तिथे या लोकांना शपथेवर विचारलं गेलं की तुम्ही कोण, कुणाचे. पाद्री लिहून घेत होते, शेजारीपाजारी साक्षीला बसले होते. घरदार गमावलेली ती माणसं चार-चार पिढ्या तोंडपाठ सांगत गेली. कुठे चुका झाल्या, कुठे एखादी पिढी गळली. पण आजी-पणजींची नावं त्यांनी सांगितली, आणि तीही माहेरच्या आडनावासकट.